आमच्याकडे

युद्धामुळे सासूबाई खार्कीव सोडून माझ्याकडे क्राकोवला आल्या. आज त्यांना दिवसभर शहर फिरवलं. राजवाडा पाहून म्हणाल्या, "आमच्याकडे भिंती रंगवतात." नदीवर म्हणाल्या, "आमच्याकडे ह्याला ओढा म्हणतात." चौकातल्या गाडीवरून मी तिळाचा, कड्यासारखा पाव घेऊन दिला. "आमच्याकडे मऊ असतो." इतक्यात चर्चच्या मनोऱ्यावर दर तासाची तुतारी वाजू लागली आणि रिवाजाप्रमाणे सूर अर्धवट सोडून थांबली. सासूबाई डोक्यावर हात धरून मटकन खाली बसल्या. खार्कीवला आकाशातली घरघर अशीच थांबायची आणि मग बाँब पडायचा. "आई, ही नेहमीच अशी थांबते," मी म्हटलं. त्या उठेनात. पाववालीने रस्त्यावर पडलेला पाव उचलला, त्याचा मुका घेतला आणि त्यांच्या हातात ठेवला. सासूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनीही पावाला ओठ टेकवले. "आमच्याकडेही असंच करतात," म्हणत त्या उठल्या.