पंटून

"फौजदारसाहेब, तुमी खोटं लिहिलंय."

आरोपीच्या पिंजऱ्यातून भावकू बोलला. समोर साक्षीच्या पिंजऱ्यात फौजदार. दोघांची गाठ आज पहिल्यांदाच पडत होती.

"वकील का नाही दिला, आजोबा?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"माझं मीच इचारतो, बाईसाहेब. दंड भरून सुटा म्हणत्यात सगळी. मी व्हय म्हटलं तर माझी नात लबाड ठरती. न्हाय म्हणणार."

नात सौम्या मागच्या बाकावर बसली होती. सकाळी बेळगुंदीहून दोघं बसने आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून भावकू कोर्टाचा जिना चढला. कागदात ती आरोपी नंबर दोन. फसवणुकीसाठी पत्त्यांवर खुणा केल्या, असा गुन्हा. तिची शिक्षिकेची नेमणूक त्या एका ओळीपायी अडकली होती. आपण सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं भावकूनं तिला बजावलं होतं.

"देवळाच्या कट्ट्यावर हे अंदर-बाहर खेळत होते," फौजदार म्हणाला.

"अंदर-बाहर न्हाय. पंटून."

"ते काय असतं?"

"माझा बा कॅम्पात गोऱ्यांच्या बागेत माळी होता. तितनं शिकून आला. पानं घेत एकवीसच्या जवळ जायचं. फुडं गेलं की मेलं. पान पायजे तर 'टिस्ट' म्हणायचं."

"आणि लावायचं काय?"

"चिंचोके. जप्त केलायसा की! का भाजून खाल्लासा?"

कोर्ट हसलं. फौजदार हसला नाही.

हाच खेळ गोव्यात कॅसिनोच्या बोटीवर इंग्रजी नावाने चालतो. दर शनिवारी बेळगावच्या गाड्या चोर्ला घाटातून तिकडे पळतात. त्यात कोण कोण बसलेलं असतं ते सगळ्या शहराला ठाऊक आहे. त्यांचा पंचनामा झालेला कुणी ऐकला नाही. पंचनामा झाला तो कट्ट्यावरच्या चिंचोक्यांचा.

धाड पडली त्या दुपारी भावकू जेवायला घरी गेला होता. पोलीस आले, कट्ट्यावर बसलेल्या त्याच्या जोडीदारांना, नागोजी आणि जोतिबाला, जीपमध्ये घातलं. पत्ते कुणाचे विचारलं, तर ते म्हणाले, भावकू अण्णाचे; खुणा त्याच्या नातीच्या. एवढ्यावर पंचनाम्यात भावकू 'फरार' झाला. ते दोघे घाबरून दंड भरून सुटले.

फौजदाराने पुराव्यातला पत्त्यांचा जोड उचलला. "मॅडम, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सुईने टोचलंय. हे पट्टीचे ठग आहेत. दाखवतो." त्याने एक पान उपडं करून भावकूच्या हातात दिलं. "सांग, कुठलं?"

भावकूनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "किलवर सत्ती."

फौजदाराने पान उलटलं. किलवर सत्तीच होती.

"बघा! न बघता ओळखलं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मागे बाक करकरलं.

"बस गं," भावकू मान न वळवता म्हणाला. मग फौजदाराचा आवाज येत होता तिकडे तोंड करून त्यानं विचारलं, "खुणा माझ्या नातीनं केल्या. दाभणानं, माझ्यासाठी. नागोजीला, जोतिबाला सगळं म्हाईत हाय. फसवलं कुणाला?"

"मग पळालास कशाला?"

"मी पळालो? सांगा की, कसा पळालो?"

"पंचनाम्यात लिहिलंय."

"कागद ऱ्हाऊ दे. तुमी हुतासा न्हवं? तुमच्या तोंडानं सांगा."

"होतो. जीप वळणावर आली तेव्हा तू कट्ट्यावर होतास. आम्हाला बघितलंस, बाकीच्यांना खुणावलंस आणि बांधावरून उडी मारून उसात पळालास."

"किती लांबनं बघितलं मी तुमाला?"

"शंभर पावलं असेल."

"दुसराच कोण असंल."

"तूच होतास. डोळ्याला डोळा भिडला आपला. शपथेवर सांगतो."

"लिवून घ्या, बाईसाहेब."

बाईंनी लिहून घ्यायला सांगितलं. टाइप थांबेपर्यंत भावकू कान देऊन उभा राहिला. मग कठडा चाचपून त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"पाचव्या वर्षी देवी आल्या आन माझे दोन्ही डोळे गेले, साहेब. शंभर पावलांवरचा फौजदार मी कशानं बघितला, तेवढं सांगा."