साबण प्यालेला रांजण

बायको, येशिहारेग, शहरातल्या दवाखान्यात वारल्याचा फोन आला, त्या दिवशी बेलाचेवने घरातली सगळी भांडी घासली. तिला घेऊन गाडी यायला संध्याकाळ होणार होती. माणसं जमणार होती. करण्यासारखं दुसरं काही त्याला सुचलं नाही. पेले, घडे, तवा, सगळं परसात काढून त्याने कपड्यांच्या साबणाने लख्ख केलं. कोपऱ्यात तेल्लाचा रांजण होता. त्यात येशिहारेग ही घरची दारू मुरवायची. तो रिकामाच होता. त्याने तोही धुतला.

हे आज, सव्विसाव्या दिवशी, उघडकीला आलं.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी गावजेवण. तेल्ला मुरायला दोन आठवडे तरी हवेत, म्हणून येशिहारेगची धाकटी बहीण तिरुनेश सकाळीच मोड आणून दळलेले जव आणि गेशोचा कडू पाला घेऊन आली. तिने रांजणात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"दाजी, हा कशाने धुतलात?"

"साबणाने."

"मातीच्या रांजणाला साबण?" ती खालीच बसली. "माती साबण पिते हो. आता यातली तेल्ला पाद्रीबाबा पहिल्या घोटालाच थुंकतील."

"मला काय ठाऊक? ती कशाने धुवायची?"

"वीस वर्षं याच्याच शेजारी बसून प्यालात ना?"

तेल्ला करायच्या दिवशी तिचे हात हिरवे व्हायचे, एवढं त्याला आठवत होतं. कशाने, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"जाऊ द्या," तिरुनेश म्हणाली. "माझ्याकडे निळं पिंप आहे. हल्ली सगळ्याच पिंपात करतात."

"प्लॅस्टिकमधली तिने कधी कुणाला पाजली नाही. आणि तिच्याच चाळिसाव्याला पाजायची?"

तिरुनेशने त्याच्याकडे पाहिलं. मग कुंपणातल्या ग्रावाच्या झाडाकडे बोट केलं. "ओरबाडा मग पाला. ताई त्यानेच घासायची. हात दुखले तर मला सांगू नका."

ग्रावाचं पान खरखरीत आणि जहर कडू. बेलाचेवने पाल्याचा बोळा केला आणि रांजणात हात घातला. खांदा तोंडाशीच अडकला. तळ हाताला लागेना. त्याने रांजण आडवा केला, गुडघ्यावर बसला आणि बोटांच्या टोकांनी घासत राहिला. पाणी ओतून रांजण खळबळला, उपडा केला. फेस आला. पुन्हा पाला, पुन्हा पाणी. पुन्हा फेस.

कुंपणापलीकडून झेरफे म्हातारी डोकावली. "काय रे, पुरुषाचा हात लागला की तेल्ला नासते म्हणतात!"

"मग तुझी दर वर्षी कुणाच्या हाताने नासते, काकी?"

म्हातारी हसली. थोड्या वेळाने तिने आपल्या घरचं पाण्याचं कॅन मुकाट्याने आत सरकवलं.

सातव्या पाण्याला फेस आला नाही. तिरुनेशने रानजैतुनाच्या ढलप्या पेटवून विझवल्या आणि दोघांनी मिळून रांजण त्या धुरावर उपडा घातला. धूर आत कोंडला, कडेने थोडा थोडा निसटत राहिला. रांजण गरम झाला तेव्हा त्यांनी तो फडक्याने धरून उतरवला.

तिरुनेशने आधी वास घेतला. "गेला," ती म्हणाली आणि उठली. "मी गेशो कुटायला घेते."

बेलाचेवने डोकं आत घातलं. धूर होता. पाल्याचा कडवटपणा होता. त्याच्याखाली साबण होता.

त्याने डोकं बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "तिरू, खरं सांग."

तिने मुसळ खाली ठेवलं. "पाद्रीबाबांना नाही कळणार, दाजी."

"तुझ्या ताईला कळलं असतं?"

तिरुनेशने पदराला हात पुसले. "ताईला दारातूनच कळलं असतं."

त्याने मान डोलावली आणि रांजण पुन्हा आडवा केला. खालच्या फांद्यांना पान उरलं नव्हतं, म्हणून तो झाडावर चढला. चाळिसाव्याला चौदा दिवस होते आणि गेशो अजून भिजत घातला नव्हता.