मागे काही राहत नाही

लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून तिने बटण दाबलं. नवऱ्याची नेहमीची सिस्टीम उठलीच नाही. उठली ती पेनड्राइव्हवरची, नणंदेने गुपचूप आणून दिलेली.

"वहिनी, इन्स्टॉल वगैरे काही करायचं नाही," नणंद म्हणाली होती. "वापरायची आणि काम झालं की काढून घ्यायची. तुझ्यावर नजर ठेवायला दादाने जे घालून ठेवलंय ना, त्याला पत्ताही लागणार नाही."

त्यावरूनच तिने नणंदेला कॉल लावला. नणंदेच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी एकदा खरं मानलं, की ती त्यांच्याकडे जाऊन राहू शकत होती. दुसरं दार तिला नव्हतंच.

"माझा मुलगा? अगं, तो मुंगीसुद्धा मारत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि मारतो, तर वळ कुठंयत? दाखव की!"

वळ कुठून दाखवणार? गडी महाहुशार. मुठीला ओला टॉवेल गुंडाळून मारायचा.

कुलपात किल्ली फिरली. तिचा हात पेनड्राइव्हकडे गेला आणि तिथेच थांबला. तिकडून येणारा आवाज तेवढा तिने बंद केला, इकडचा तसाच ठेवला. स्क्रीनचा उजेड पार उतरवला आणि उठून उभी राहिली.

तो आला आणि आधी लॅपटॉपला हात लावला.

"गरम का आहे?"

"काही नाही हो. सहज..."

"टॉवेल आण. भिजवून."

तिने आणला. पहिला ठोसा बरगडीत बसला, दुसरा पोटात. रोज ती दात आवळून घ्यायची. आज नाही आवळले. आज ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"बोंबल! अजून बोंबल!" त्याने तिचे केस धरून डोकं गादीवर आपटलं. "बघतो कोण ऐकतंय तुझं!"

हात दुखले तेव्हा कुठे त्याला पेनड्राइव्ह दिसला. तो खो खो हसला.

"अच्छा! मलाच शिकवतेस? ऑफिसात असले ढिगाने बनवतो मी." त्याने पेनड्राइव्ह उपटला, बुटाच्या टाचेखाली चिरडला आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. स्क्रीनवर दोघांचा लग्नातला फोटो आला. त्याने सगळं तपासलं. कुठे काही नव्हतं.

"बघ. काढला की संपलं. मागे काही राहत नाही."

ती जमिनीवर बसून श्वास घेता येतोय का ते बघत होती.

त्याचा फोन वाजला. आईचा होता. त्याने घसा साफ केला आणि तिला ऐकू जावं म्हणून मुद्दाम स्पीकर लावला.

"बोल गं आई. तुझी सून इथेच आहे. काय सांगायचंय ते सांगू दे तिला."

"तिने सांगायची गरज नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझी बहीण निघालीय तिला आणायला. दार उघडं ठेव."

"आई, अगं झालं काय?"



"ओल्या टॉवेलाचा आवाज मी ओळखते. मला वाटत होतं," सासूबाई म्हणाल्या, "तुझा बाप मेला."