किल्लारीचा थांबा

ठिपका आजही किल्लारीतच थांबला.

"बघ," ईश्वरप्पा पडद्यावर बोट आपटत म्हणाला. "लातूरला क्लासची पुस्तकं उतरवली, औसा सोडलं, आन् आता हे. सरळ उमरग्याला जायचं सोडून ही गाडी गावात कशाला घुसती?"

सुगतनं खुर्ची पुढं ओढली. ईश्वरप्पाच्या नांदेडच्या ऑफिसात बसून मालकाच्या सगळ्या ट्रकांवर नजर ठेवायचं काम त्याचं. गाडी कुठं आहे, वेग किती, टाकीत डिझेल किती, सगळं गाडीत बसवलेलं यंत्र कळवायचं.

"सर, डिझेल कमी झालेलं न्हाई," तो म्हणाला. "माल बी उमरग्याला पुरा उतरतो. इंजिन बंद होतं, मग चालू होतं. एवढंच दिसतं."

"एवढंच दिसतं, म्हणजे चोर हुशार हाय. लाव फोन."

ड्रायव्हर गफूरनं बऱ्याच वेळानं फोन उचलला.

"कुठं हायस?"

"रस्त्यातच हाय, मालक." त्याचा आवाज दबका होता. "जरा टायर बघून राहिलो. निघालोच."

ईश्वरप्पानं फोन ठेवला तेव्हा त्याची कानशिलं तापली होती. मागच्या खेपेला चहा होता, त्याच्या आधी पाय मोकळे करणं. आता टायर. तोंडावर खोटं बोलायचं, तेही इतक्या गरीब आवाजात.

चोरीची त्याला लहानपणापासून चीड होती. किल्लारीच्या भूकंपात त्याचा बाप गेला, घर गेलं. आई आणि तो, तिचा ईशू, तेवढे वाचले. त्यानंतर गावात मदतीचे ट्रक आले, आणि त्याच ट्रकांतली ब्लँकेटं पुढं बाजारात विकायला बसलेली त्यानं बघितली. थंडीनं काकडणाऱ्या माणसांच्या अंगावरची ती ब्लँकेटं. तेव्हापासून ट्रकवाल्याच्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. यंत्रावर होता. यंत्र कुणाची भीड ठेवत नाही, असं तो सगळ्या ड्रायव्हरांना ऐकवायचा.

"सर, गफूरभाई तसा माणूस न्हाई," सुगत हळूच म्हणाला.

"पकडला जाईपर्यंत कुणीच तसा नसतो. पुढच्या खेपेला मी स्वतः जातो. त्याला कळू देऊ नको."

पुढच्या खेपेला तो ट्रकच्या मागं अंतर ठेवून कार घेऊन निघाला. लातुरात चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फलक होते आणि फलकांवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे हसरे चेहरे. या पोरांच्या पुस्तकांवर आणि मेसच्या धान्यावर ईश्वरप्पाचे ट्रक पळत होते. एवढा पसारा उभा करायला त्यानं रक्त आटवलं होतं, आणि एक नोकर त्याला वेड्यात काढत होता. स्टिअरिंगवरची त्याची मूठ सैल होत नव्हती.

औशाच्या पुढं हा रस्ता त्याला आता परका वाटत होता. आई अजून किल्लारीतच होती, भूकंपानंतर बांधून दिलेल्या घरात. ती नांदेडला यायला तयार नव्हती आणि त्याला धंद्यातून उसंत नव्हती. शेजारच्या भामाबाईकडं तो तिच्या खर्चाचे पैसे न चुकता पाठवायचा. मागं एकदा गफूरच्या ट्रकमधून लोखंडी पलंगही पाठवला होता. आज परतताना जमलं तर जाऊ, असं त्यानं मनाशी म्हटलं. आधी या चोराचा निकाल.

सुगतचा फोन आला. "सर, थांबली."

ट्रक गावाच्या तोंडाशी लिंबाखाली उभा होता. केबिनला कुलूप होतं. ईश्वरप्पानं शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारलं, "याचा ड्रायव्हर कुठं गेला?"

"पिशवी घेऊन गेला की आत. दर खेपेला जातो."

पिशवी. ईश्वरप्पाच्या डोक्यात सगळं चोख बसलं. माल फोडायचा, थोडाथोडा काढायचा, ठरलेल्या घरी पोचवायचा. आणि तेही आपल्याच गावात, आपल्याच नाकाखाली. आज चार लोकांसमोर त्याची गचांडी धरायची, त्याशिवाय बाकीचे ड्रायव्हर सुधारायचे नाहीत.

तो तरातरा गल्लीत शिरला. सगळी घरं एकाच साच्यातली, आणि त्याला इकडं येऊन वर्षं लोटलेली. एक वळण झालं, दुसरं झालं, आणि एका उघड्या दारापुढं त्याला गफूरच्या टाचा झिजलेल्या चपला दिसल्या. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि व्हिडिओ चालू केला. पुरावा पाहिजे. मोबाईल समोर धरूनच तो उंबऱ्यापाशी आला.

पडद्यावर आधी गफूरची पाठ दिसली. तो जमिनीवर उकिडवा बसून एका म्हातारीच्या पायाची नखं काढत होता. बाजूला पिशवी होती. त्यातून मोसंबी आणि औषधाची बाटली बाहेर आली होती. मग म्हातारीचा चेहरा दिसला, आणि ईश्वरप्पाचा हात खाली आला.

ती त्याची आई होती. तिचे दोन्ही डोळे पार पांढरे झाले होते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

गफूरनं मागं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो उठायला गेला, पण म्हातारीनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"अव्वा," ईश्वरप्पा म्हणाला.

म्हातारीनं दाराकडं तोंड केलं. थोडा वेळ कान देऊन ती तशीच बसली. मग गफूरचा हात थोपटत म्हणाली, "ईशू, दारात कुणी तरी आलंय बग, बाबा. आवाज वळखीचा न्हाई."