नाव न घेता

हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. औषध कंपनीच्या पाहणीसाठीची ऑनलाइन मुलाखत काही केल्या संपत नव्हती. त्यात लॅपटॉपची बॅटरी उतरत आलेली. त्यांनी कॅमेऱ्याआडून हात हलवून बाहेर बसलेल्या बायकोला चार्जर आणायची खूण केली.

"डॉक्टर, एकदा झटका येऊन गेलेले रुग्णसुद्धा गोळ्या का सोडतात?" पडद्यावरच्या मुलीने विचारलं. "नाव न घेता एखादं उदाहरण सांगाल?"

डॉक्टर एकदम सावरून बसले. पायही थांबला.

"आहे एक. एरवी शहाणा माणूस, पण गोळीने गळून जायला होतं म्हणतो. वर म्हणतो, मला काय धाड भरलीय! बायको रोज सकाळी समोर उभी राहून गोळी देते. हा पठ्ठ्या ती जिभेखाली धरतो, वर पाणी पितो आणि तिची पाठ वळली की गोळी कुंडीत!"

मुलगी खूश झाली. "इतकं मोकळेपणाने सांगतात रुग्ण तुम्हाला?"

"माझ्यापासून काय लपवणार तो?"

"आणि त्याच्या घरच्यांना हे माहीत आहे?"

"छे! गंधवार्ताही नाही."

 

बायकोने चार्जर टेबलावर ठेवला, शेजारच्या कुंडीतली माती बोटाने उकरली आणि कॅमेऱ्यासमोर वाकून म्हणाली, "आत्ता कळलं."