तात्यांचं लायसन्स

सत्तरी लागली तशी माझ्या लेकाने, संदेशने, गाडीची चावी काढून घेतली. ‘‘तात्या, आता कोपर स्टेशनपर्यंतसुद्धा चालवायची नाही. नजर गेलीय तुमची.’’

मग लायसन्सची मुदत संपत आली तेव्हा हाच ऑफिसला दांडी मारून मला मेडिकल सर्टिफिकेटसाठी डॉक्टरकडे घेऊन गेला. पाच वर्षं वाढवून मिळाली, तर पठ्ठ्याने पेढे वाटले. मला भरून आलं. म्हटलं, चावी देत नाही, पण बापाचा मान राखतो.

काल कोलशेतला त्याच्या मित्राची हळद होती. ‘‘तात्या, तुम्ही यायलाच पाहिजे. आणि लायसन्स खिशात ठेवा.’’ मटणाच्या पंगतीआधीच चार पेग रिचवून स्वारी डुलत आली आणि चावी माझ्या हातात ठेवली.

‘‘कळव्याच्या नाक्यावर पोलीस फुंकायला लावतात, तात्या.’’

मांडवाबाहेर आलो, तर रांगेतल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगवर कुणाचा ना कुणाचा म्हातारा बाप बसलेला. मीही बसलो.

मागच्या सीटवर आडवा होत संदेश म्हणाला, ‘‘बेताने चालवा हां. वय झालंय तुमचं.’’