सव्वा मूठ

फोन थरथरायला लागला तसा मोहिनीने तो तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकला आणि वरून झाकण दाबलं.

"कोना फोन व्हता?" मागून सासूने, रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"कामना, आई. मासोळ्यासना."

"मंग डायना डब्बामा काबर ठेवा?"

उत्तराची वाट रुक्मिणीबाईंनी पाहिली नाही. गव्हाचं सूप उचलून त्या पडवीत गेल्या.

शहाद्याहून समुद्र केवढा लांब, पण मोहिनीची नोकरी देवमाशांची होती. अरबी समुद्रात कुबड असलेल्या देवमाशांचा एक लहानसा कळप उरलाय. त्यांचे भाऊबंद दर वर्षी दूरदेशी जातात, हे मात्र इथेच राहतात. प्रत्येकाच्या शेपटीखालची नक्षी निराळी. बोटीवरची माणसं फोटो काढतात आणि मोहिनी घरी बसून शेपटीवरून मासा ओळखते. गावात या कामाचं कौतुक कमी आणि चेष्टा जास्त. "वहिनी, आज किती शेपट्या धर्‍यात?" असं दीर भाग्येश येता-जाता विचारायचा.

त्या कळपाचं संरक्षण तसंच ठेवायचं की ढिलं करायचं, याचा सध्या फेरआढावा चालला होता. उद्या ऑनलाइन बैठक. चांदणी नावाच्या मादीचं काय करायचं ते मोहिनीने सांगायचं होतं. चांदणी कित्येक वर्षं कुणाला दिसली नव्हती. तिचं नाव मोहिनीच्या नवऱ्याने, गोपालने ठेवलेलं. तोही त्याच कामाच्या बोटीवर होता. गेल्या वर्षी उन्हाळ्यात बोट उलटली. बाकीचे सापडले, गोपाल सापडला नाही. तो येईल असं घरात कुणी म्हणत नव्हतं, आणि गेला असंही कुणी म्हणत नव्हतं.

डाळीतल्या फोनमध्ये एक फोटो होता. आढाव्याचे प्रमुख नवनीत सर यांनी सकाळी पाठवलेला. कुठल्याशा कोळ्याच्या जाळ्यात हाडं आली होती आणि त्यांच्यासोबत चांदीचं कडं. कड्यावर आतल्या बाजूने 'गोपाल' कोरलेलं. रुक्मिणीबाईंनीच ते नंदुरबारच्या सोनाराकडून करून घेतलं होतं. फोटो पाहून मोहिनी रडलीसुद्धा नाही, इतकी ती घाबरली.

कारण श्रावणातला कानबाई देवीचा सण तोंडावर आला होता. सुतक लागलं की कानबाईच्या नैवेद्याचे रोट बंद. आणि रोटाचे गहू रुक्मिणीबाई स्वतःच्या हाताने मोजायच्या, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पुरुष आता दोनच, सासरे मगनराव आणि भाग्येश. गेल्या वर्षी मात्र पाटावर तीन ढिगल्या पडल्या होत्या. तिसरी टाकताना रुक्मिणीबाईंनी मोहिनीकडे टक लावून पाहिलं होतं. माझ्या लेकाच्या मुठीला हरकत घेतेस का, असंच जणू त्या विचारत होत्या. मोहिनीने मान खाली घातली होती.

त्या नजरेची तिला धास्तीच बसली. एरवी सासूचा काही अंदाज यायचा नाही. गोपालचे बूट त्यांनी सालदार रेवजीला देऊन टाकले, पाऊसपाण्यात त्याला लागतील म्हणून. गोपालचं टेबल स्वतः पुसून मोहिनीला दिलं, कामाला बरं पडेल म्हणून. आणि मूठ मात्र काढली.

दुपारी जेवताना त्यांनी मध्येच विचारलं, "ती चांदणी सापडनी का?"

मोहिनीने हातातला घास खाली ठेवला. "नहीं, आई."

"मंग तिले आजून मोजतस का?"

"ते उद्या ठरी."

"ठरू दे," म्हणत त्यांनी तिच्या ताटात भाकरी वाढली.

यांना संशय आलाय, मोहिनीला वाटलं. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

बैठकीत नवनीत सरांनी विचारलं, "चांदणी ठेवायची की वगळायची?"

"वगळा, सर." मोहिनी म्हणाली. "नसलेले धरून आकडा फुगवला तर जे उरलेत त्यांचं संरक्षण जाईल."

कुणी वाद घातला नाही. बाकीचे गेल्यावर सर एकटे थांबले. "घरी सांगितलंत?"

"नाही. रोट होऊ देत, सर. आईंना हे झेपायचं नाही."

"किनाऱ्यावरची माणसं ती हाडं घेऊन किती थांबतील, मोहिनी? संध्याकाळी मी मगनरावांना फोन करतोय. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं."

ती बाहेर आली तर पडवीत पाट मांडलेला. मगनराव आणि भाग्येश केळीच्या बागेत गेलेले. रुक्मिणीबाई पदर खोचून बसल्या होत्या. एक ढिगली झाली, दुसरी झाली. मग त्यांनी पुन्हा मूठ भरली आणि मोहिनीकडे पाहिलं. तसंच, टक लावून.

मोहिनी पाटासमोर मटकन बसली आणि तिने सासूचं मनगट धरलं.

"आई, ती मूठ नका टाका. त्या आते येवाव नहींत. त्यासनं कडं सापडनं."

रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मूठही सोडली नाही. मनगट हळूच सोडवून घेऊन त्यांनी गहू पाटावर ओतला आणि वरचा पाव हिस्सा नीट मोजून टाकला.

"गोपालनी मूठ मी मागला सालबी काढेल नव्हती, पोरी," त्या म्हणाल्या. "ही तुन्ही शे."